उकिरड्याचे पांग

चिंतनासाठी वाचन : लूक 13:6-9



सध्या प्रायश्चित्तकाळ चालू आहे आणि या चाळीस दिवसांत वेदीवर फुलं ठेवायची नसतात. त्यामुळे माझे शनिवार-सोमवार रिकामे आहेत. गेली अकरा वर्षं आमच्या चर्चमध्ये वेदीच्या सजावटीची सेवा माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी फुलबाजारातून शेवंती, निशिगंध, ग्लॅडिओली आणायची, रात्री फुलदाण्या भरायच्या. सोमवारी सकाळी मान टाकलेली फुलं काढायची, फुलदाण्यांतलं वास मारणारं पाणी ओतायचं आणि सगळा पसारा काळ्या पिशवीत बांधून फाटकाशी ठेवायचा. थोड्या वेळाने महानगरपालिकेची गाडी गाणं वाजवत येते आणि पिशवी घेऊन जाते. आपलं इंदूर 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून नावाजलं जातंय. इथे कचरा दारात फार वेळ राहतच नाही.

रविवारी ज्या फुलांसमोर आपण गुडघे टेकतो, ती सोमवारी कुठे जातात, हा प्रश्न मला आठ वर्षं पडला नव्हता. पडला तो एका वेगळ्याच सोमवारी.

2022 च्या ऑगस्टमध्ये माझे यजमान प्रभूकडे गेले. दफनविधीला सात पुष्पचक्रं आली होती. आठव्या दिवशी मी कबरीवर गेले, तर पावसाने त्यांचा पार चिखल झालेला. झेंडू काळा पडलेला, गुलाबांचा लगदा झालेला, आणि मधून तारा, सोनेरी फिती नि थर्मोकोलच्या गोल चकत्या डोकावत होत्या. मी ते सगळं एका पोत्यात भरून चर्चमध्ये आणलं. फाटकाशी ठेवणार तोच गाडीचं गाणं ऐकू आलं आणि माझा हात पुढे होईना. माणसाला आपण मातीत ठेवून आलो, निदान त्याच्यावरची फुलं तरी गाडीत टाकू नयेत, असं काहीतरी मनात आलं असावं. मी पोतं मांडीशी घेऊन पायरीवर बसून राहिले.

आमचे माळीकाका झाबुआकडचे आहेत. बोलतात कमी. त्यांनी सांत्वन केलं नाही की बायबलमधलं वचन सांगितलं नाही. पोतं उचललं, चर्चच्या मागे कुंपणाच्या भिंतीलगत जी मोकळी पट्टी आहे तिथे गेले आणि कुदळीने खड्डा खणायला लागले. कमरेच्या थोडं खाली येईल एवढा खड्डा. तळाशी सुकलेला पाला, त्यावर फुलं, त्यावर शेजारच्या गोठ्यातलं शेण पाण्यात कालवून, मग मूठभर राख, मग माती. पुन्हा पाला. शेवटी मला म्हणाले, "टीचर, तीन महीने बाद देखना."

तीन महिन्यांनी, सर्व मृतात्म्यांचा दिवस होऊन गेल्यावर, आम्ही तो खड्डा उकरला. आत काळी, मऊ, हाताला चिकटत नाही अशी माती होती. त्यात एकही फूल ओळखू येत नव्हतं. वास मात्र पहिल्या पावसाचा. तारा, फिती, थर्मोकोल आणि फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज मात्र जसेच्या तसे निघाले. माणसाने केलेलं तेवढं उरलं, देवाने केलेलं सगळं पुढे निघून गेलं होतं. त्या मातीच्या दोन टोपल्या मी कबरीवर नेल्या आणि त्यात मोगरा लावला.

तेव्हापासून वेदीवरची फुलं त्या खड्ड्यात जातात. आता तिथे दोन खड्डे आहेत. एक भरत असतो, दुसरा पिकत असतो.

मी शहरात वाढलेली बाई. माझे सासरे नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून इथे गिरणीत कामाला आले. सासूबाई गावच्या उकिरड्याच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी तोंड वाकडं करायची. त्या हसून म्हणायच्या, "अगं, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात." म्हण मला पाठ होती. तिच्यातला उकिरडा मात्र मी कधी हाताने चाळला नव्हता.

डिसेंबरातल्या एका सकाळी माळीकाका दुसरा खड्डा वरखाली करत होते. माळव्यातली थंडी, तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी फावडं घातलं आणि खड्ड्यातूनही वाफ निघाली. मी आत हात घातला तर क्षणभराच्या वर ठेवता येईना, इतकी ऊब. कोणी विस्तव ठेवला नव्हता. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव ती पानंफुलं खात होते आणि त्यांच्या श्वासाची ती उष्णता होती. असा ढीग नीट रचला तर आतलं तापमान साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढतं; मग हळूहळू निवतं, बुरशीच्या पांढऱ्या जाळ्या दिसू लागतात, आणि शेवटी गांडुळं येतात. त्यांना निरोप कोण देतं ते देव जाणे. ज्याला आपण मातीचा वास म्हणतो, तोही मातीतल्या अशाच सूक्ष्म जीवांनी बनवलेला असतो.

मोशेने जळतं झुडूप पाहिलं तेव्हा त्याला पायतण काढायला सांगितलं होतं. मी चप्पल काढली नाही, खाली शेण होतं. पण तिथून मला हलताही येईना, एवढं खरं.

आता एक गोष्ट सांगते, जी इंदुरात पन्नास वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हती. माळीकाका जे करत होते त्याला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात.

1924 साली होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री नावाची संस्था उभी राहिली. आज तिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे. त्या संस्थेचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. 1905 साली ते हिंदुस्थानात आले ते इथल्या शेतकऱ्यांना शास्त्र शिकवायला. पण पुढे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की आपले खरे गुरू म्हणजे इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड. त्यांची पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि त्यांच्या कामात बरोबरीने होती. 1930 मध्ये ती वारली. 1931 साली हॉवर्ड यांनी इंदूरच्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं, त्यावर दुसरं नाव आहे त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं. नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतातच.

त्यांनी काय केलं? शेतात जे जे टाकाऊ म्हणून जळत होतं किंवा कुजत होतं, ते गोळा केलं. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. त्या त्यांनी रस्त्यावर पसरून ठेवल्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चिरडल्या जातील. तो चुरा, तण, पाला गुरांखाली अंथरला. मग उथळ खड्ड्यात थर रचले : काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख, आणि पाणी. तीन वेळा वरखाली करायचं, हवा खेळू द्यायची. तीन महिन्यांत खत तयार. यंत्र नाही, विकतचं औषध नाही. ज्या शेतकऱ्याकडे दोन बैल आणि एक फावडं आहे, त्याला जमेल असं. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा हे पाहायला ते त्या संस्थेत गेले होते. पुढे ही पद्धत इंग्लंडच्या बागांपासून आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात खत करण्याची जी रीत काढली आणि जी त्यांच्या नावावरून 'नाडेप' म्हणून खेडोपाडी माहीत आहे, तीही याच कुळातली.

म्हणजे पाहा, चर्चच्या मागच्या भिंतीशी झाबुआच्या एका माणसाने जे सहज केलं, त्यासाठी आपल्या शहराचं नाव जगाच्या शेतीच्या इतिहासात आहे. आणि मी ते शिकले पुष्पचक्रांच्या पोत्यातून.

येत्या रविवारी मिस्सामध्ये लूकच्या तेराव्या अध्यायातला दाखला वाचला जाईल. द्राक्षमळ्यात एक अंजिराचं झाड आहे. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाका, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, आणखी एक वर्ष थांबा. मी भोवती खणतो, खत घालतो. मग पाहू.

हा दाखला मी रविवारशाळेत वर्षानुवर्षं शिकवला. देवाचा धीर, पश्चात्ताप, शेवटची संधी, सगळं समजावून सांगितलं. पण त्यातलं खत मी दरवेळी घाईने ओलांडत असे. मुलं हसतील म्हणून. आज वाटतं, सगळं मर्म तिथेच आहे. माळ्याने झाडाला उपदेश केला नाही. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं मालकालाही म्हणाला नाही. त्याने हातात खोरं घेतलं आणि जे घाण म्हणून लोकांनी टाकलं होतं तेच त्या झाडाच्या मुळाशी नेलं. आपल्या तारणाऱ्याने देवराज्याच्या गोष्टी सांगताना मोती, जाळं, खमीर यांच्याबरोबर खतही हातात घेतलं. त्याला त्याची किळस आली नाही.

आपल्या उपासनेलाही ही रीत अनोळखी नाही. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या आपण घरी क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षाने त्या परत आणतो, त्या जाळतात, आणि त्यांचीच राख भस्म बुधवारी आपल्या कपाळावर येते. होसान्ना म्हणत हलवलेली फांदी, आणि तू माती आहेस याची आठवण करून देणारी राख, या दोन्ही एकच. पवित्र गोष्ट टाकून द्यायची नसते, तिचं पुढचं काम तिला द्यायचं असतं, हे आपल्या पूर्वजांनी आपल्याला केव्हाच शिकवून ठेवलंय.

2025 च्या 25 फेब्रुवारीला आम्ही पस्तीस जण बसने उदयनगरला गेलो. धन्य राणी मारिया यांच्या हौतात्म्याला त्या वर्षी तीस वर्षं झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. केरळमधल्या पुल्लुवळी गावची ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांबरोबर राहिली, त्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला झटली. 1995 साली याच दिवशी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भर रस्त्यात, तिच्यावर पन्नासहून अधिक वार करण्यात आले. 2017 च्या 4 नोव्हेंबरला इथे इंदुरातच तिला धन्य घोषित केलं गेलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला त्या रस्त्यावरचा पळस फुललेला असतो. अंगावर पान नाही आणि फांदीन् फांदी केशरी. बसमधली तरुण मुलं फोटो काढत होती. "थांबवा ना गाडी" असं कोणीतरी म्हणालं, आणि मागच्या बाकावरच्या एक वयस्कर बहीण हळूच म्हणाल्या, "अशाच एका गाडीत होती ती." मग फोटो थांबले. मीही बाहेर पाहत राहिले. त्या दिवशीही पळस असाच फुलला असेल, हे मला आधी सहन होईना. एवढ्या देखण्या रस्त्यावर एवढं क्रूर काही घडतं, आणि झाडं फुलतच राहतात. निसर्गात देव दिसतो असं आपण सहज म्हणून जातो. तसा तो दिसत असेल तर त्या दिवशीच्या पळसातही दिसायला हवा, आणि ते सोपं नाही.

मला उत्तर पळसात मिळालं नाही. ते मिळालं त्या घराच्या वागण्यात. ज्या माणसाने वार केले त्याला राणी मारियांच्या कुटुंबाने क्षमा केली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे तो बदलला, त्यांच्या आईच्या दारात क्षमा मागायला गेला. जगाने ज्याला फेकून द्यावं असं एक आयुष्य कोणीतरी उचललं आणि भोवती खणून खत घातलं. परतीच्या प्रवासात मला राहून राहून मागच्या भिंतीशी असलेला तो खड्डा आठवत होता. मरणाचं काहीतरी आत जातं, आणि न दिसणारं कोणीतरी अंधारात काम करत राहतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. हे माझ्या धर्मग्रामातल्या लोकांनी वाचावं म्हणून लिहिते आहेच, पण इतर मंडळ्यांतही असे प्रश्न येत असतील म्हणून इथे मांडते.

आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे एक ठराव आहे. चर्चमागची ती मोकळी पट्टी सपाट करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि गाड्या लावायची सोय करायची. सात-आठ गाड्या बसतील. ठराव आणणारे बंधू वाईट नाहीत. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. रविवारी रस्त्यावर गाड्या लागतात, शेजारी बोलतात. गेल्या पावसाळ्यात एक आजी तिथल्या चिखलात घसरून पडल्या, मनगट मोडलं. खड्ड्यामुळे साप येतील अशी भीती आहे. शिवाय, पालिका ओला कचरा रोज नेते, त्याच्यापासून गॅस बनवते, मग आपण इथे घाण कशाला साठवायची, असं एकाने विचारलं. त्या माणसाला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही.

मी या ठरावाच्या विरोधात आहे. पण विरोध करण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. चार वर्षांपूर्वी चर्चच्या पुढच्या अंगणात असेच ब्लॉक बसवायचं ठरलं तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होते. अंगण झाडायला सोपं जाईल, लग्नाच्या मांडवाला बरं, एवढाच माझा विचार. तिथल्या जुन्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं, एक बोटभरही माती उघडी राहिली नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी झाडाच्या एका बाजूची पानं गळाली ती परत आलीच नाहीत. गेल्या मे महिन्यात अर्ध्याहून जास्त झाड वाळलं होतं. कोणीतरी म्हणालं, फांदी पडून अपघात व्हायच्या आत तोडून टाकू. मला लूकमधला मालक ऐकू आला, आणि ते झाड असं होण्यात माझाही हात वर होता हे आठवलं.

माळीकाकांनी तेव्हा फादरांची परवानगी घेतली. बुंध्याभोवतीचे ब्लॉक पहारीने उखडून चार-चार फुटांचं आळं केलं. खालची माती विटेसारखी कडक झाली होती. ती हळूहळू मोकळी केली आणि मागच्या खड्ड्यातलं खत घातलं. म्हणजे वेदीवरची फुलं. पाऊस आला तेव्हा कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्या मुळांशी पाणी मुरलं.

या मार्चमध्ये दोन फांद्यांना तांबूस पालवी फुटली आहे. बाकीच्या अजून तशाच. झाड जगेल की नाही, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी फळ आलं का, हे प्रभूनेही त्या दाखल्यात सांगितलेलं नाही. गोष्ट माळ्याच्या विनवणीपाशीच थांबते.

तर त्या बंधूंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पालिका कचरा नेते हे चांगलंच आहे. देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो, त्यावर शहरातल्या बस धावतात, याचा मला अभिमान आहे. घरचा कचरा मी त्याच गाडीत देते. पण सगळंच गाडीत गेलं की 'गेलं' म्हणजे कुठे गेलं हे पाहायची आपल्याला गरज राहत नाही. स्वच्छता ही देवाची देणगी आहे, पण नजरेआड करणं म्हणजे स्वच्छता नव्हे. आपली मुलं फूल दुकानात पाहतात आणि पिशवीत जाताना पाहतात. मधलं मरणं आणि पुढचं पुन्हा उगवणं त्यांना कुठे दिसणार? गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक देतो, हे प्रभूने योहानच्या बाराव्या अध्यायात सांगितलं. ते ज्यांना सांगितलं त्यांनी शेत पाहिलं होतं. आमच्या रविवारशाळेच्या मुलांना मी गेल्या नोव्हेंबरात त्या खड्ड्यापाशी नेलं, हातात काळी माती दिली आणि सांगितलं की ही ऑगस्टमधली फुलं आहेत. एका सात वर्षांच्या मुलाने ती हुंगली आणि विचारलं, "मग आजोबापण असेच होणार?" मी शिक्षिका असूनही मला एकदम बोलता आलं नाही. पण पुनरुत्थानाचा धडा त्या वर्गाला त्या दिवशी जितका कळला तितका फळ्यावर कधी कळला नव्हता.

दुसरं, पाण्याचं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवून आणावं लागतं. आमच्या चर्चची बोअर एप्रिलमध्येच उसासे टाकते. आणि आकाशातून फुकट पडणारं पाणी आपण ब्लॉकवरून गटारात पाठवणार, हा हिशोब कुठल्या कारभाऱ्याला शोभेल?

तिसरं, ज्या संताचं नाव आपल्या शहराच्या कॅथीड्रलला आहे, ज्याला सगळे लाल चर्च म्हणून ओळखतात, त्या असिसीच्या संत फ्रान्सिसांचं. त्यांनी सृष्टीचं स्तुतिगीत रचलं त्याला 2025 मध्ये आठशे वर्षं झाली. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या आपल्या परिपत्रकाला त्याच गीतावरून नाव दिलं. संत फ्रान्सिस मठातल्या बागवानांना सांगत की सगळी जमीन लागवडीखाली आणू नका, एक कोपरा तसाच सोडा. तिथे रानफुलं आपली आपण उगवू देत, आणि ती पाहून कोणाला तरी निर्माणकर्त्याची आठवण होऊ दे. मठालाही भाजी हवीच होती. जागा त्यांनाही कमीच असणार. तरी त्यांनी कोपरा मागितला.

मीही कोपराच मागते आहे. सगळी पट्टी नको. आजींसाठी चिखलाची वाट पक्की करा, तिथे फरशी बसवा, कठडा लावा, मी वर्गणी देते. चार गाड्यांची जागा करा. पण भिंतीलगतची पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद जागा मातीची राहू द्या. खड्डे झाकलेले ठेवू, भोवती गवत वाढू देणार नाही, म्हणजे सापाची भीती नको. वास येत असेल तर सुका पाला कमी पडला असं समजायचं. नीट थर दिले तर वास येत नाही, हे कोणीही येऊन हुंगून पाहावं. आणि कडुनिंबासारखी आळी अंगणातल्या बाकीच्या तिन्ही झाडांना करू या.

इतर धर्मग्रामांतल्या वाचकांना एवढंच सुचवते. ईस्टरला वेदी सजवताना हिरवा स्पंज वापरू नका, तो प्लास्टिकच असतो, कधी कुजत नाही. पाण्याची फुलदाणी पुरते. प्लास्टिकची फुलं तर आणूच नका. जे मरत नाही ते वेदीवर कशाला? दफनाला पुष्पचक्र नेणार असाल तर तारा आणि थर्मोकोलशिवाय बांधून मागा, किंवा साधी फुलांची जुडी न्या. आणि सोमवारी एकदा, फक्त एकदा, ती फुलं उचलायला लहान मुलांना बरोबर घ्या.

आपण देवाची करणी पाहायला पचमढीला जातो, पातालपाणीचा धबधबा पाहायला पावसाळ्यात गर्दी करतो. जावं, जरूर जावं. पण सहलीहून परतल्यावर दारातल्या कुंडीतलं रोप सुकलेलं असतं आणि आपल्याला ते आठवतही नाही, असं माझं कितीदा झालंय. मला वाटतं, नवल पाहायला लांबची नजर लागत नाही, परत-परत त्याच जागी जायची सवय लागते. त्याच खड्ड्याशी, त्याच झाडाशी, दर सोमवारी.

पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालियाची मरिया रडत बागेत उभी होती. समोर प्रभू होता आणि तिला वाटलं हा माळी आहे. आपण म्हणतो ती चुकली. मागच्या भिंतीशी फावडं धरलेला एक माणूस जेव्हा माझ्या मांडीवरचं पोतं न बोलता उचलून घेऊन गेला, तेव्हापासून मला ती फारशी चुकली असं वाटत नाही.

प्रार्थना : हे प्रभू, तू मातीला हात लावून आम्हाला घडवलंस आणि त्या हाताला माती लागल्याची तुला लाज वाटली नाही. आमच्यातलं जे वाळलंय, जे आम्ही टाकून दिलंय आणि ज्यांना आम्ही टाकून दिलंय, त्यांच्याभोवती खणण्याचा धीर आम्हाला दे. तोडायला निघालेल्या आमच्या हातांना आणखी एक वर्ष थांबायला शिकव. आमच्या अंगणात तुझ्यासाठी एक कोपरा मोकळा राहू दे. आमेन.

ता. क. परिषदेची बैठक 30 तारखेला मिस्सानंतर आहे. ठरावाच्या बाजूचे असाल तरी या. आधी मागे येऊन खड्डा पाहा, मग हात वर करा.